अण्णांच्या फ्लेक्सवरचे ओरखडे

चहा संपला की रंजनाताई रिकामा ग्लास डोळ्याला लावायच्या आणि त्याच्या जाड बुडातून समोरच्या माणसाकडे बघायच्या. पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा माझ्याकडेही तसंच पाहिलं आणि म्हणाल्या, "पावणं, तुमचं नाक दोन ठिकाणी दिसतंय." पुण्यात संशोधन करणारी, पंचेचाळिशीची बाई असं का वागते, मला कळेना. तो गोंधळ अजून पुरता गेलेला नाही.

मी मूळचा निरगुडसरचा. राजुरी ही माझी सासुरवाडी. इथे फ्लेक्स छापायचं दुकान टाकून बरीच वर्षं झाली, तरी गाव मला पावणंच म्हणतं. वाढदिवस, दहावे, सत्कार, सगळ्यांचे चेहरे माझ्या हाताखालून जातात. माझी ख्याती एकच, पावणं डाग ठेवत नाही. मुरूम, देवीचे व्रण, जुन्या फोटोवरचे ओरखडे मी न सांगता पुसून टाकतो.

रंजनाताई याच गावच्या. पण त्या करतात काय, हे गावात कुणालाच सांगता यायचं नाही. त्यांच्या वडिलांना, अण्णांनाही नाही. अण्णांनी सोपा मार्ग काढला होता. कुणी विचारलं की म्हणायचे, "पोरगी हवामान खात्यात हाय." मग ताई गावी आल्या की कांदे काढणारी माणसं त्यांना पावसाचं विचारायची. "मी लई लांबचं बघते, काका. जवळचं ढग मलाबी कळत न्हाईत," त्या हसून सांगायच्या. माझ्या दुकानात मात्र एकदा हसल्या नाहीत. "अण्णा आता थकलं, पावणं. आपली पोरगी काय करती ते त्यांनी एकदा तरी नीट सांगावं, एवढंच वाटतं."

म्हणून अण्णांच्या पंचाहत्तरीच्या फ्लेक्ससाठी त्यांनी मला एक फोटो दिला. पुढे अण्णा आणि मागे फोटोतलं आभाळ, असं छापायचं होतं. काळ्यात पिवळसर ठिपक्यांचा द्राक्षासारखा घोस होता.

"ह्यातला एकेक ठिपका म्हंजी आख्खी आकाशगंगा," त्या म्हणाल्या. "पण घोसाचं खरं वजन ठिपक्यांत न्हाईच. ते दिसत न्हाई."

"दिसत नाही, तर वजन कसं कळतं?"

त्यांनी ग्लासाचं बूड माझ्या टेबलावरच्या 'शुभेच्छुक' या अक्षरांवर धरलं. अक्षरं ताणली गेली, वाकली. "समजा काच दिसलीच न्हाई, नुसती वाकलेली अक्षरं दिसली, तरी मधी कायतरी हाय हे कळंल ना? तसंच. लई मागच्या आकाशगंगांचा उजेड ह्या घोसाजवळनं येताना वाकतो. किती वाकला ते मोजायचं, की घोसाचं वजन निघतं. असं लई घोस तोललं, की हे विश्व कसं वाढत आलं त्याचा अंदाज लागतो."

मी मान हलवली. खरं सांगतो, मला ग्लासापुढचं काही कळलं नव्हतं आणि ते सांगायची लाज वाटली.

फोटो मोठा केल्यावर घोसाभोवती बारीक, निळसर, वाकडे ओरखडे दिसले. फाईल खराब आली असावी असं मला वाटलं. बाईंनी एवढ्या विश्वासाने काम दिलंय म्हणून दुपारभर बसून मी एकेक ओरखडा पुसला आणि काळं आभाळ लख्ख केलं.

कार्यक्रमाच्या सकाळी ताई मंडपातल्या फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या. जवळ गेल्या, पुन्हा मागे आल्या.

"पावणं, ते निळं कंस कुठं गेलं?"

"ते ओरखडे? काढले की," मी अभिमानाने म्हणालो.

त्यांनी घोसाभोवतीच्या लख्ख काळ्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "तोच मागचा उजेड व्हता. तुमी माझं सगळं काम पुसलं, राव."

पाहुणे यायला लागले होते. पुन्हा छापायला वेळ नव्हता. त्या मला बोलतील म्हणून मी खाली मान घालून थांबलो. त्यांनी विचारलं, "ऑइल पेंट हाय का?"

पाट्या रंगवायचा निळा डबा मी आणून दिला. जरीच्या साडीत त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चढल्या आणि अण्णांच्या डोक्यामागे ब्रशने वाकड्या रेघा काढू लागल्या. "ताई, वडलांना फेटा बांधताय व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. मंडप हसला. अण्णा आले. ताईंनी खुर्चीवरूनच त्यांना घोस, वजन, उजेड सगळं सांगितलं.

अण्णांनी ऐकून घेतलं. "मंग ते न दिसणारं हाय तरी काय?"

"ठाऊक न्हाई, अण्णा. कुणालाच न्हाई अजून."

"एवढं शिकून?"

"एवढं शिकूनच."

अण्णांना पटलं की नाही, कळलं नाही. ताईंनी मला माफ केलं की नाही, तेही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या, मूळ फोटो उघडून बघितला आणि म्हणाल्या, "उजवीकडचा एक कंस मी चुकीच्या जागी काढला." मी धीर करून विचारलं, ओरखडा कुठला आणि आकाशगंगा कुठली हे ओळखायचं कसं? "आमालाबी पटकन कळत न्हाई. कधी क्यामेऱ्याचाच डाग निघतो. म्हणून पुसायच्या आधी इचारायचं." तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला एकेका तिळासाठी फोन करतो. लोक वैतागतात. "काढा नायतर ठेवा, पण फोन करू नका."

पुढे ताई कामासाठी परदेशी गेल्या. मी कंसांसकट नवा फ्लेक्स छापला आणि अण्णांकडे नेला. जुना त्यांनी कांदे साठवायच्या बराकीवर बांधला होता. उन्हाने छपाई विटून अण्णांचा चेहरा उडाला होता. ऑइल पेंटच्या रेघा तेवढ्या ठसठशीत होत्या.

"नवा नगं," अण्णा म्हणाले.

कांदा बघायला आलेल्या व्यापाऱ्याने वर बोट केलं. "हे काय काढलंय?"

"मागच्या आकाशगंगांचा उजेड वाकलाय त्यो. मधी लई वजन हाय, पण दिसत न्हाई. माझी पोरगी ते तोलती."

"ती हवामान खात्यात ना?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "आन त्यो उजवीकडचा चुकलाय."

व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी मान हलवली नाही. "मलाही नीट कळलेलं नाही," मी म्हणालो.

"मंग बसा दोघंबी," अण्णा म्हणाले आणि घराकडे तोंड करून त्यांनी हाक दिली, "चहा ठेवा गं. काचेच्या गलासात."