ठकीचा दगड

भोसरीहून नाशिककडे जाणारी एसटी सकाळी साडेसहाला मिळाली, तेव्हा मी चांगला खुशीत होतो. कारखान्याला सुट्टी होती, पिशवीत भाकरी होती आणि आईने सांगितलेलं एकच काम होतं. जुन्नरच्या कामगार बागेत जायचं, माझ्या थोरल्या बहिणीच्या नावाचा दगड शाबूत आहे का बघायचं आणि वर कागद ठेवून, पेन्सिल घासून नाव उतरवून आणायचं.

ही बहीण मी पाहिलेली नाही. तिचं नाव ठकी. दुष्काळाच्या साली आई जुन्नरजवळ कालव्याच्या कामावर खडी फोडायला जायची. बाया लेकरांची झोळी बाभळीला बांधायच्या, आणि बाभळीची सावली ती केवढी! अकरा महिन्यांची ठकी एका दुपारी झोळीतच उन्हाने गेली. मुकादमाने आईला सांगितलं, हातातली पाटी भर आणि मग जा. दुसऱ्या दिवशी बायांनी हातोडे खाली ठेवले. लेकरांना मांडव, पाळणे आणि त्यांच्यापाशी बसायला एक बाई, एवढंच मागणं. गावाकडच्या एका मोकळ्या माळावर त्या जाऊन बसल्या, मागोमाग पुरुषही बसले, आणि मागणं पदरात पडेपर्यंत कुणी उठलं नाही. पुढे त्याच माळावर या लोकांनी स्वतः खड्डे खणून कडुलिंबं लावली. तीच कामगार बाग. मधोमध पाथरवटाकडून घडवलेला दगड उभा केला, त्यावर ठकीचं नाव आणि ती कशाने गेली ते कोरलं. ठकीचा फोटो नाही की जन्माची नोंद नाही. तिचं नाव आहे ते त्या दगडावरच. आई दरवर्षी जायची. सहा-सात वर्षांमागे गुडघे गेले आणि जाणं थांबलं.

पेठला गाडी चहाला थांबली. चहा गुळचट होता, पण गरम होता. मंचर गेलं, आणि मग माझा डोळा लागला तो थेट आळेफाट्यालाच उघडला. उतरायचं होतं नारायणगावला. कंडक्टरला म्हटलं, हाक तरी मारायची. तो म्हणाला, "राव, तुमी काय माझे जावई हाय का?" मी भांडलो. पाचेक मिनिटं भांडलो आणि मग भूक लागली म्हणून थांबलो.

फाट्यावर गॅरेजांच्या ओळीत एका हॉटेलात मासवडी (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी) आणि तिखटजाळ रस्सा खाल्ला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मालक शेजारी उभा राहून समाधानाने बघत होता. "कशी हाय?" "लई भारी." त्याने न विचारता आणखी रस्सा ओतला.

पुढे काळी-पिवळी (भाड्याची जीप) मिळाली. आत आम्ही सोळा जण. ड्रायव्हर म्हणाला, "पावणं, ओझरवरनं जाऊ. गणपतीबी हुईल, जुन्नरबी हुईल." मला गणपती नको होता, पण बाकी पंधरा जणांना हवा होता. ओझरला रांगेत पाऊण तास गेला. आलोच आहे तर म्हणून मीही हात जोडले, आणि दुपारी दोनला जुन्नरात उतरलो. ऊन पाठीवर चाबूक ओढल्यासारखं लागत होतं. समोर शिवनेरी तापून तांबूस दिसत होती.

बाग सापडायला वेळ लागला, कारण फाटकावरचा बोर्ड बदलला होता. 'ठकूआई बालोद्यान.' मी दोनदा वाचला. आत रंगीत फरशा, सिमेंटची हरणं आणि पाणी नसलेलं कारंजं. सुशोभीकरण म्हणतात त्याला. लिंबं निम्मीच उरली होती. लहानपणी आईबरोबर आलो तेव्हाची जागा आठवून मी मध्यावर गेलो.

दगडावर पत्र्याचा चांगला ऐसपैस मांडव होता. ठकी जिवंत असताना तिला मिळाला नाही, तो मांडव! दगड वरपासून खालपर्यंत शेंदराने लिंपलेला, वर चांदीचे डोळे चिकटवलेले. अक्षराचा मागमूस नाही. आणि मांडवाच्या दांडीला ओळीने लहान लहान लाकडी पाळणे टांगलेले. आमच्याकडे मूल होण्यासाठी बाया देवीला पाळणा बांधतात, ते हे.

माझं डोकं फिरलं. मी पिशवी टाकली आणि नखांनी शेंदूर खरवडायला लागलो. बोटभर जाड थर होता. नखं दुखावली, पण अक्षर काही दिसेना.

"अवो भाऊ, हात नका लावू!" पाळणा घेऊन आलेली एक तरणी बाई ओरडली. "माझा नवस हाय."

"ही कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?"

"आई हाय ती. लेकरं देती."

"अहो, ती अकरा महिन्यांची होती. माझी बहीण होती."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "देवीला वय आसतं व्हय?" असं म्हणून तिने शांतपणे दांडीला गाठ मारली.

आरडाओरडा ऐकून लिंबाखालचा एक म्हातारा काठी टेकत आला. ओळख निघाली. हे किसनबाबा. आईच्याच टोळीत खडी फोडायचे, संपात तिच्या मागे बसलेले. मी त्यांच्यावरच घसरलो. "बाबा, तुम्ही इथे असताना हे झालं कसं? कुणी फासला हा शेंदूर?"

"म्या," ते म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतात.

"ठेकेदाराला कारंजं हितं मधीच पायजे व्हतं. मशीन आनली व्हती दगड उपटाया. आमी अर्ज दिलं, हातापाया पडलो. ह्यो दगड कामगारांचा हाय म्हनलं, तर ठेकेदार हसला. मंग त्या दिशी सकाळच्याला म्या शेंदूर फासला आन नारळ ठिवला. मशीनवाला आला, कान धरलं त्यानं, आन माघारी ग्येला. कामगाराला कोन भितंय राव? देवाला भित्यात."

"मग नंतर पुसायचा ना!"

"पुसाया ग्येलो, तर लोकं माझ्याच अंगावर आली. म्या देव बाटवतो म्हनं." त्यांनी काठी फरशीवर आपटली. "त्या मुकादमाचा नातू हाय आता हितला कारभारी."

मी कोरा कागद पिशवीत घालून निघालो. परतीच्या एसटीत कुणावर चिडावं तेच कळेना. ठेकेदारावर चिडलो, मुकादमाच्या नातवावर चिडलो. किसनबाबांवर चिडायला गेलो, तर त्यांनी निदान दगड तरी राखला होता. मंचर मागे पडेपर्यंत सगळे संपले आणि मी एकटा उरलो. सहा-सात वर्षांत मी एकदाही तिकडे फिरकलो नव्हतो. ठकी गेली म्हणून झालेल्या संपातून जो मांडव मिळाला, त्याच्याखाली मी वाढलो. तरी मला सवड झाली नाही. स्वतःची इतकी चीड मला पूर्वी कधी आली नव्हती.

घरी आई दाराशीच बसली होती. "नाव हाय का रं?"

खोटं बोलायचं ठरवून आलो होतो. जमलं नाही. सगळं सांगितलं. शेंदूर, चांदीचे डोळे, नवस. ती मान खाली घालून ऐकत होती. पाळण्यांचं सांगितलं तेव्हा तिने मान वर केली.

"पाळनं बांधत्यात?"

"हो."

"आमी मागितला, तवा मुकादम म्हनला, पाळना पायजे तर राजवाड्यात जा." तिचा आवाज चढला. "माझी पोर कशानं म्येली ते लिवलंय त्या दगडावर. उनानं म्येली, मांडव न्हवता म्हनून म्येली. ते वाचू द्या की लोकांना! देवी केली म्हंजी समद्यांचं पाप फिटलं व्हय?"

मी पाणी आणून दिलं. तिने तांब्या बाजूला ठेवला, भिंतीला धरून त्या गेलेल्या गुडघ्यांवर उभी राहिली आणि मला विचारलं, "शेंदूर राकेलनं निघतो का रं?"