रणगजची खडखड

सौसरच्या बसस्टँडवर शालिकराम डोंगरेचं नाव काढलं की जुनी माणसं आधी हसतात, मग बोलतात. पांढुर्ण्याहून सौसरमार्गे नागपूरला जाणारी खाजगी बस त्यानं अर्धं आयुष्य चालवली, आणि त्या बसमध्ये बसलेल्या माणसाला घरी गेल्यावर सांगायला काहीतरी मिळालंच. लोधीखेड्याच्या अलीकडे गाडी हळू करून तो कंडक्टर गजेंद्रला म्हणायचा, "पाय बे, मांगच्या चाकातून आवाज येऊन राहिला." बिचारा गजेंद्र खाली उतरून चाकाला कान लावायचा, की शालिकराम गाडी हळूच पुढे न्यायचा. गजेंद्र शिव्या देत मागून धावतोय आणि खिडक्यांमधून चाळीस डोकी बाहेर, हा देखावा त्या रस्त्यानं कितीदा पाहिला असेल.

पण गाडी वेगात असली की हाच माणूस एकदम दुसरा. तोंडातून शब्द नाही, नजर रस्त्यावर. त्याच्या चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही, असं गजेंद्रच सांगतो.

मग गुडघे गेले. क्लच दाबताना डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा त्यानं स्वतःच मालकाच्या हातात किल्ली दिली. घरी बसलेल्या शालिकरामचा त्रास सगळ्यात जास्त झाला त्याच्या बायकोला, सुमनला. ती कणीक भिजवायला बसली की हा मिठाच्या बरणीत साखर भरून ठेवायचा. "गाडीवर होते तवा बरे होते," ती म्हणायची, "सत्तर लोकायले मिळून त्रास देत जाय. आता माह्या एकटीच्या वाट्याले आले."

त्यांची मुलगी सोनाली नगरपालिकेत नोकरीला. तिला यंत्रांचा भारी नाद. सुट्टीच्या दिवशी ती मोबाइल, हेडफोन, मिक्सर, जे हाती येईल ते तपासून बघायची आणि आपल्याच बोलीत त्याचा व्हिडिओ टाकायची. कोणाची भीडभाड नाही. वाईटाला वाईट म्हणायची, म्हणून लोक ऐकायचे. ऐकणारे वाढले, तशा कंपन्याही वस्तू पाठवायला लागल्या.

त्या एप्रिलात तिच्याकडे आला 'रणगज'. गेम खेळायचा तयार कॉम्प्युटर, कंपनीनंच सगळे भाग जोडून दिलेला, त्यांच्याकडचा सगळ्यात वरचा नमुना. खोका एवढा मोठा की दारातून आडवा करून आत घ्यावा लागला. सोबत मोठा स्क्रीन, आणि गाड्यांच्या गेमसाठी स्टिअरिंग अन् पायडल. अट एवढीच, की दोन आठवड्यांनी सगळं परत करायचं, आणि कॉम्प्युटरच्या झाकणावरचं सील तोडायचं नाही.

सोनालीनं बटण दाबलं. काचेच्या आत लाल, हिरवे, निळे दिवे गरगरायला लागले.

"हे कॉम्प्युटर हाय का वरातीतली लाइटिंग?" शालिकरामनं विचारलं.

"बाबा, दिव्यावर जाऊ नका. आतला माल पाहा."

"पाहू कसा? झाकन त उघडू नोको म्हनते तुही कंपनी."

सोनालीलाही ते सील खटकलं होतं. पण बाकी तपासणी तिनं मन लावून केली. चित्र किती सरकन हलतं, पंखे किती ओरडतात, मोठी गेम उघडायला किती वेळ लागतो, सगळं मोजलं. यंत्र धावत होतं, यात शंका नव्हती. कीबोर्ड मात्र तिला टुकार वाटला, आणि कंपनीनं भरून दिलेले नको ते प्रोग्राम काढता काढता तिची एक अख्खी सकाळ गेली.

राहिली उन्हाची परीक्षा. "हे लोक एसीत बसून तपासतात," ती म्हणाली. "आपल्या इकडच्या दुपारी ह्याचं काय होते, ते पाहायचं हाय. बाबा, मी ऑफिसात गेली की तुम्ही कूलर बंद ठेवून ही ट्रकची गेम चालवत राहा. थांबायचं नाही."

शालिकराम आधी का-कू करत बसला. लेकरांचा खेळ म्हणाला. पायडलवर पाय ठेवला, आणि थांबला. ते पायडल हलकं होतं. नुसता पंजा टेकवला की दबत होतं. गुडघ्याला कळही गेली नाही.

संध्याकाळी सोनाली घरी आली तेव्हा घामानं भिजलेली बनियन घालून तिचा बाप जर्मनीतून ट्रक नेत होता.

"हे लोक उलट्या बाजूनं येऊन राहिले, सोनू! सगळेच्या सगळे पियेल हायेत."

"बाबा, तिथं उजव्या बाजूनं चालवतात. तुम्ही उलटे हाय."

"मंग आधी सांगाचं ना! पोलिसानं चार डाव दंड केला मले."

दुसऱ्या दिवसापासून त्याचा थाटच बदलला. सकाळी दाढी, इस्त्रीचा सदरा, आणि बरोबर गाडीच्या वेळेला खुर्चीवर. सुमन भाजी निवडत शेजारी बसायची, आणि तो तिला जग दाखवायचा. "पाय, एवढा रस्ता अन् एक गाय नाई. कोनी हात दाखवत नाई, कोनाले उतराचं नाई. कसे राहात असन इथं लोक?" रिकाम्या फाट्यावर तो मुद्दाम गाडी उभी करायचा आणि ओरडायचा, "चला, तिगाव, पांढुर्णा!" सुमन पदर तोंडाला लावून हसायची. मिठाची बरणी त्या दिवसांत सुरक्षित होती.

सोनाली हे सगळं मोबाइलवर टिपून ठेवत होती. व्हिडिओत थोडी गंमत म्हणून.

दोन आठवडे संपत आले. जेवताना सोनाली सहज बोलून गेली, "परवा खोका भरायचा हाय." शालिकराम भाकरी अर्धी टाकून उठला.

आणि दुसऱ्याच दिवशी रणगजमधून आवाज यायला लागला.

खडखड, खडखड. थोडा वेळ यायचा, मग बंद. सोनालीनं टेबलाजवळ कान नेला. पंखा चालू, दिवे गरगरतायत, आणि खालून कुठून तरी खडखड.

"सकाळपासून येऊन राहिला," शालिकराम गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. हात स्टिअरिंगवर, नजर समोर. "बेरिंग गेलं असन."

"बाबा, ह्यात बेरिंग..." सोनाली थांबली. पंख्यात असतं की. तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसानं आवाज ऐकवायला सांगितलं, आणि रणगज शहाण्यासारखा त्याच क्षणी खडखडला.

"मॅडम, खोका भरू नका," पलीकडून उत्तर आलं. "वाटेत आणखी बिघडेल. आमचा इंजिनिअर नागपूरहून येईल. तोवर राहू द्या तुमच्याकडेच."

शालिकरामनं ट्रक पोलंडकडे वळवला.

इंजिनिअर लगेच आला नाही. आज येतो, उद्या येतो करत त्यानं आठवडा घेतला, आणि तो आठवडा शालिकरामनं असा उपभोगला, की जणू पगारी रजा. इकडे सुमनचं वेगळंच चाललं होतं. तिचा सुपारीचा डबा सापडत नव्हता. कपाट झालं, खाटेखाली झालं, शेजारच्या पंचफुलाबाईवर संशय घेऊन झाला.

शेवटी इंजिनिअर आला, तुषार. पोरगा सभ्य होता. दारात बूट काढून आत आला, पाणी प्यायला, आणि यंत्रापुढे बसला. रणगज गप्प. अर्धा तास गेला, तरी गप्प.

"काका, आवाज कुठून यायचा?"

"खालून." शालिकरामनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "आता तुमी आले, तर भेलं असन ते. डॉक्टर आला की ताप उतरते ना, तसं."

"उघडून पाहतो," म्हणत तुषारनं सील फाडलं.

शालिकरामचा चेहरा पडला. एवढं त्याच्या हिशोबात नव्हतं. तुषारनं एकेक पंखा हातानं फिरवून पाहिला. सगळे मऊ फिरत होते. मग त्यानं तळाशी असलेलं पत्र्याचं झाकण काढलं, एखादा स्क्रू सुटून पडला असेल म्हणून. त्याखाली होता पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्या भागांना वाटून देणारा डबा. सोनाली खांद्यावरून वाकून बघत होती.

"थांबा," ती म्हणाली. "ह्याच्यावर काय लिहिलं हाय?"

तुषारनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यानं सोनालीकडे न बघता खिशातला रुमाल काढून मान पुसली. कंपनीच्या जाहिरातीत होता तो डबा हा नव्हताच. हा कमी ताकदीचा, हलक्या मालाचा होता. आज चालला असता, वर्षभर चालला असता, आणि एखाद्या भर उन्हाळ्यात घेणाऱ्याला दगा दिला असता.

"म्हणून सील," सोनाली हळू आवाजात म्हणाली.

"मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं," तुषार म्हणाला, आणि बाहेर ओसरीत जाऊन ऑफिसला फोन लावू लागला.

सगळ्यात जास्त आश्चर्य शालिकरामला वाटलं होतं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "म्हनजे... खरंच खराबी हाय?"

तेवढ्यात तुषारचा चहाचा कप उचलायला सुमन वाकली, आणि टेबलाखाली काहीतरी दिसलं म्हणून हात घालून तिनं ते ओढलं. सुपारीचा डबा. तिनं तो सवयीनं कानाशी हलवला, किती उरली ते बघायला.

खडखड, खडखड.

तुषार फोन कानाला लावून दारात येऊन उभा राहिला. सोनालीनं डब्याकडे पाहिलं, मग बापाच्या पायाकडे, मग तोंडाकडे.

"पायानं?" तिनं विचारलं.

"उजव्या अंगठ्यानं," शालिकराम म्हणाला. "डावा गुडघा साथ नाई देत."

तुषार तिथल्या तिथे बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. सुमनही हसली. सोनाली मात्र नाही. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी शालिकराम तिच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. "पन निघाली ना खराबी."

"निघाली. म्हणून तुमचा आवाज खरा होत नाही, बाबा. लोक माह्यावर भरोसा ठेवतात. मी कंपनीले खोटं सांगितलं, तुमच्यापायी."

तो चौकटीला टेकला. "मंग सांग सगळं," म्हणाला. "माह्यं नाव घेऊन सांग. मीच सांगतो, तू फक्त कॅमेरा लाव."

आणि त्यानं सांगितलं. इस्त्रीचा सदरा घालून, सुपारीचा डबा हातात धरून, काही न लपवता. मग सोनालीनं यंत्राचं बरंवाईट सांगितलं. वेग चांगला, कीबोर्ड टुकार, आणि आतला डबा जाहिरातीतला नाही. कंपनीनं आधी व्हिडिओतला तेवढा भाग काढून टाका म्हणून विनवलं. तिनं नाही म्हटलं. मग कंपनीनं जाहीरपणे चूक मान्य केली आणि ज्यांनी रणगज घेतले होते, त्या सगळ्यांना आतला डबा बदलून द्यायचं कबूल केलं. खोका भरायला शालिकरामनं स्वतः हात लावला. चिकटपट्टी मात्र जरा जास्तच वेळ लावून चिकटवली.

तो व्हिडिओ पांढुर्ण्यात धनश्री नावाच्या बाईनं पाहिला. तिची गाडी शिकवायची शाळा होती. तिला सुपारीच्या डब्याची गंमत आवडली, पण तिनं बघितलं ते दुसरंच. परक्या रस्त्यावर, रिकाम्या चौकात, खोट्या ट्रकमध्येही हा माणूस लाल दिव्याला थांबत होता, आणि वळताना आधी आरशात बघत होता. तिनं सोनालीकडून नंबर घेऊन त्याला फोन लावला.

"काका, शिकवायले याल का? तुमाले पायडल दाबाचं नाई. बाजूले बसून फक्त सांगाचं."

आता शालिकराम सकाळच्या बसनं पांढुर्ण्याला जातो. पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी गाडी शिकायला आलेली एक नवखी बाई होती. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलेलं, की बोटं पांढरी पडलेली.

"भेऊ नोको, बाई," तो म्हणाला. "आरशात पाय. काय दिसून राहिलं?"

"एक माणूस धावून राहिला, काका."

"धावू दे. माह्या वळखीचा कंडक्टर असन," शालिकराम म्हणाला. "तू पह्यला गेर टाक."