सोळा पानांत न मावलेला डोंगर

कन्नडची एसटी पकडायला मी सकाळी सातला मध्यवर्ती बसस्थानकावर उभी होते आणि मनातल्या मनात खोटे बोलण्याचा सराव करत होते. निवृत्त प्राध्यापिकेला हे काम फारसे जड जात नाही. "पेपर तपासून होतच आलेत" हे वाक्य मी वर्षानुवर्षे चेहऱ्यावरची रेषही न हलवता उच्चारले आहे.

प्रवासाला कारण झाली रेखा. रेखा साळवे ही माझी जुनी विद्यार्थिनी. आता ती कन्नडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या धामणदरी गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. चार दिवसांपूर्वी तिचा कन्नडहून फोन आला. गावाच्या डोंगरावर वीज साठवण्याचा मोठा प्रकल्प यायचा होता. त्याची जनसुनावणी ठरली होती आणि लोकांना आधी वाचता यावी म्हणून कंपनीने सोळा पानांची मराठी पुस्तिका वाटली होती.

"मॅडम, ऐका हं," रेखा म्हणाली. "'वरिष्ठ जलाशयातील पाणी कनिष्ठ जलाशयात उतरेल.' पाण्यात बढत्या कधीपासून सुरू झाल्या? कुण्या गाढवानं भाषांतर केलंय कुणास ठाऊक! तुम्ही या ना. लोकांना जरा नीट समजावून सांगा."

ते गाढव फोनच्या या टोकाला चहा पीत बसले होते.

निवृत्तीनंतर मी घरबसल्या भाषांतरे करते. ही पुस्तिका हातात आली, त्या महिन्यात मी एका कार्यालयाची सेवानियमावली मराठीत आणत होते. त्यामुळे वरचा तो वरिष्ठ आणि खालचा तो कनिष्ठ, असे बोटांना वळणच पडले होते. पुस्तिकेवर भाषांतरकाराचे नाव नव्हते. एरवी मी यावर भांडले असते. "कुणीतरी घाईत केलेलं दिसतंय," एवढेच मी गंभीरपणे म्हणाले आणि यायचे कबूल केले. आपल्याच पापावर तज्ज्ञ म्हणून बोलावले जाण्याची संधी वारंवार येत नाही.

दौलताबादच्या अलीकडे रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या मांडल्या होत्या. बस थांबली, तशा निम्म्या प्रवाशांनी खिडकीतूनच खरेदी उरकली. माझ्या शेजारी हतनूरला जाणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला न विचारताच एक फळ फोडून अर्धे माझ्या हातावर ठेवले.

"कुठं जायल्या?"

"धामणदरीला."

"तिथं काय हाय?"

माझ्या तोंडून थेट पुस्तिकेतले वाक्य निघणार होते: 'सदर पठार ओसाड असून तेथे उल्लेखनीय असे काहीही नाही.' सुदैवाने तोंडात बिया होत्या.

वेरूळ मागे पडले आणि उत्तरेला डोंगरांची निळसर रेघ दिसू लागली. कन्नडला उतरून मी काळीपिवळीत (प्रवासी जीपमध्ये) बसले. ती भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली असे तिच्या चालकाला कधी वाटत नाही. अखेर एका कोंबडीसह आम्ही तेराजण निघालो. शेवटचे वळण घेतल्यावर समोर डोंगर उभा राहिला. माथा सुरीने कापल्यासारखा सपाट, खाली काळा कडा, कड्याखाली हिरवी झाडी. घरापासून दोन-अडीच तासांवरच्या या डोंगरावर मी सोळा पाने लिहिली होती आणि त्याला पाहत होते पहिल्यांदाच.

रेखाने जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी केली होती. मी दुसरी वाटी मागितली, तेवढ्यात दारात सोमनाथ आला. तिशीतला, वाळूजच्या कारखान्यात कामाला, सुनावणीसाठी रजेवर. येऊन-जाऊन रोज चार तास त्याचे कंपनीच्या बसमध्ये जातात. पुस्तिका त्याने इतकी वाचली होती की तिचे कोपरे कुत्र्याच्या कानासारखे मुडपले होते.

"मॅडम, मला हा प्रकल्प पाहिजे," तो बसायच्या आधीच म्हणाला. "गावात काम मिळंल. दुपारी सोलरची वीज लई तयार होती, तवा तिला गिऱ्हाईक नसतं. तीच साठवली तर सांजच्याला कामी येईल. पण हे पुस्तक वाचून लोकं हसायले. हसणाऱ्याला काय पटवावं?"

मी आमटीत तोंड लपवले.

दुपारी शाळेच्या ओट्यावर दहा-पंधरा माणसे जमली. मी साध्या भाषेत सांगितले. डोंगरावर एक तळे आणि पायथ्याला एक तळे बांधायचे. दिवसा उन्हाच्या विजेवर पंप चालवून पाणी वर चढवायचे. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की तेच पाणी मोठ्या नळातून खाली सोडायचे आणि त्याच्या जोरावर वीज करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पुढे बसलेल्या एका म्हातारीने काठी आपटली. ही गयाबाई, सोमनाथची आत्या. उभा जन्म तिने डोंगरावर शेळ्या चारल्या आहेत.

"म्हंजी सकाळी वर न्यायचं, सांजच्याला खाली आणायचं. माझ्या शेरडांसारखं."

"अगदी तसंच," मी खूश होऊन म्हणाले.

"पण माझी शेरडं वरून पोट भरून येत्यात. त्यांच्या जागेवर पाणी बसलं, तर त्यांनी काय चरावं?"

सोमनाथ म्हणाला, "आत्या, पुस्तकात लिवलंय की वर काय बी नाय."

"व्हय का?" गयाबाई उठली आणि माझ्याकडे वळली. "चला बाई. तुमाला ते काय बी नाय दावते."

पाऊण तासाची चढण मी सव्वा तासात पार केली. वाटेत दोनदा बसले आणि एकदा घसरले. गयाबाईच्या शेळ्या थांबून माझ्याकडे वळून बघत होत्या. वर्गात मागे राहिलेल्या मुलीकडे मी तसेच बघत असे.

वर पोहोचले. समोर कमरेइतके गवत पिवळे-तांबूस पसरले होते आणि वारा त्यातून भांग पाडत होता. मला ते सगळे गवत एकच दिसत होते. गयाबाईला नाही. "ह्ये मारवेल, दुभत्या जनावराचं. ह्यो पवन्या, ह्यो वाळवून उन्हाळ्याला ठिवायचा." एका दगडाआड तिने खोकडाचे (लहान कोल्ह्याचे) बीळ दाखवले. बिळाबाहेर ताजी माती होती. चंडोल पक्षी सरळ वर उडत जाऊन तिथूनच गात होता. मग ती मला कड्याच्या कडेला घेऊन गेली. खाली कपारीतून पाण्याची बोटभर धार निघत होती.

"ह्यो झिरा. ह्याचंच पाणी गावच्या हिरीत उतरतं. वरचं गवत पाऊस धरतं, म्हून ह्यो चालतो. वर समदं खोदलं तर ह्यो ऱ्हातो का जातो, सांगा."

सोमनाथ आमच्या मागे वर आला होता. हातातला फोन उंचावून तो म्हणाला, "अन् मॅडम, गावात मोबाईलला रेंज नाय. इथं फुल हाय. ते बी कुणी लिवलं नाय."

रेंज आहे म्हटल्यावर मी एका दगडावर बसले आणि ईमेलमधला मूळ इंग्रजी अहवाल फोनमध्ये उतरवून उघडला. वाचता वाचता कान तापले. मूळ वाक्य लांब होते. पठार बहुतांशी उघडे आहे, असे त्यात म्हटले होते. पुढे होते, मात्र गावची चराई त्यावर अवलंबून आहे आणि कड्याखालच्या झऱ्यांचा अभ्यास व्हायला हवा. छपाईवाल्याने "सोळा पानांच्या वर एक ओळ नको" असे बजावले होते. तेव्हा 'बहुतांशी' मीच उडवले होते. 'मात्र'पासून पुढचेही मीच. शिवाय 'पर्यायी जागा' नावाचा अख्खा परिच्छेद मी गाळला होता. तो कोण वाचतो, असे वाटले होते. डोंगराच्या पूर्व टोकाला दगडाची एक जुनी, बंद पडलेली खदान होती. वरचे तळे तिथेही होऊ शकते, खर्च मात्र वाढेल, असे त्या परिच्छेदात होते.

वरिष्ठ-कनिष्ठ हा विनोद होता. हा नव्हता.

मी मान वर केली तर मांडीवरची पुस्तिका एका करड्या शेळीच्या तोंडात होती. गयाबाई तिला ओरडली, "थू कर, थू कर! पोट बिघडंल!" मला त्या शेळीची मते पटली.

संध्याकाळी रेखाला खरे सांगायचे मी ठरवले. पण तिने गरम थालीपीठ वाढले, वर लोणी ठेवले आणि म्हणाली, "तुम्ही आलात म्हणून लोकांना धीर आला, मॅडम." मी थालीपीठ खाल्ले. भित्रेपणा मला असा नेहमीच चविष्ट लागत आला आहे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता शाळेच्या मैदानात सुनावणीचा मांडव भरला. टेबलामागे जिल्ह्याचे अधिकारी होते. बाजूला कंपनीचे साहेब होते, चाळिशीचे, बूट आरशासारखे. साहेब वाईट बोलले नाहीत. सपाटीवर असा प्रकल्प होत नाही, त्याला उंची लागते. कोळसा कमी जाळायचा तर वीज साठवावी लागेल, हे त्यांनी नीट सांगितले. सोमनाथने टाळी वाजवली. मग गयाबाई उठली आणि चराईचे बोलली, झिऱ्याचे बोलली. साहेबांनी शांतपणे पुस्तिका उघडली.

"आजी, तुमच्या भावना समजतात. पण हे बघा, अहवालात स्पष्ट म्हटलंय: 'सदर पठार ओसाड असून तेथे उल्लेखनीय असे काहीही नाही.'"

गयाबाईला वाचता येत नाही. तिने छापलेल्या कागदाकडे पाहिले आणि ती हळूहळू खाली बसली. छापलेल्या गोष्टीशी कसे भांडतात, ते तिला ठाऊक नव्हते.

माझे पाय माझ्या आधी उठले.

"साहेब, ते अहवालात नाही," मी म्हणाले. "ते वाक्य माझं आहे. भाषांतर मीच केलंय."

मांडवात कुणीतरी "वरिष्ठ जलाशय!" असे पुटपुटले आणि हशा पिकला. मी हशा संपू दिला. मग फोनमधून मूळ परिच्छेद मराठीत मोठ्याने सांगितले, एकही शब्द न गाळता. चराई, झरे आणि शेवटी ती जुनी खदान.

सोमनाथ ताडकन उभा राहिला. "खदान? तिथं तर खड्डा आयताच हाय! साहेब, मला प्रकल्प पाहिजे, पण खदानीवर का नाय?"

"पैसे जास्त लागतात," साहेब म्हणाले.

"अन् आत्याचा डोंगर काय फुकटात घ्यायले का?"

आत्या आणि भाचा एका बाजूला झालेले पाहून मागची माणसे पुढे सरकली. अधिकाऱ्यांनी मला दोनदा विचारले, "हे तुम्ही लेखी द्याल?" मी तिथेच लिहून दिले. त्यांनी चष्मा काढून डोंगराकडे पाहिले आणि कागद आवरले. "चला, वर जाऊन बघू या."

मी रेखाकडे बघायचे टाळत होते. ती स्वतःच जवळ आली.

"मॅडम, मी तुम्हाला गाढव म्हणाले."

"हो. मी ऐकलं."

"फोन ठेवल्यावर आणखी काय काय म्हणाले, ते नाही ऐकलंत." आणि ती एवढ्या जोरात हसली की पुढे चाललेले अधिकारी वळून बघू लागले. चढण सुरू झाल्यावर मात्र तिचा आवाज बदलला. "पण काल ओट्यावरच सांगायला पाहिजे होतं."

गयाबाईने या खेपेला वाट बदलली. मुद्दाम बदलली, याबद्दल मला शंका नाही. ती सगळ्यांना दाट कुसळी गवतातून घेऊन गेली. त्याच्या काड्यांना सुईसारखी कुसळे असतात आणि ती कपड्यात शिरली की पुढे-पुढेच सरकत राहतात. साहेबांच्या बुटांची चकाकी पहिल्या दहा मिनिटांत गेली. झिऱ्यापाशी अधिकारी ओंजळीने पाणी प्यायले. खदानीच्या काठावर साहेब बराच वेळ एकटेच उभे राहून खाली बघत होते. मग त्यांनी वही काढली.

निकाल त्या दिवशी लागला नाही. तसा तो लागत नसतो. अधिकाऱ्यांनी इतिवृत्तात तीन गोष्टी घातल्या. पुस्तिका पूर्ण मजकुरासह पुन्हा छापायची, झिऱ्याची आणि गवताची पाहणी पावसाळ्यात करायची, आणि खदानीच्या जागेचा विचार मांडून दाखवायचा. सोमनाथला हा उशीर वाटला, गयाबाईला ही सुरुवात वाटली. घरी जाताना दोघे भांडतच गेले, पण एकाच वाटेने.

शेवटची जीप निघून गेली होती. शहराकडे जाणारी गाडी एकच होती, साहेबांची. त्यांनी दार उघडून धरले. मी निमूटपणे बसले. कन्नड आले, गेले. कपाशीची शेते मागे पडत होती, ऊन उतरत होते. भाषांतराचे पुढचे काम मला मिळणार नाही, हे मला कळत होते. मिळाले तरी मी ते आनंदाने करणार नाही, हेही कळत होते.

वेरूळच्या अलीकडे साहेब घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, एक सांगू? अहवालाखाली सही माझी आहे. नीट न वाचताच केली होती."

"बरं."

"डोंगरावर मीही आज पहिल्यांदाच गेलो."

मी त्यांच्याकडे पाहिले. चिडावे की हसावे, ते ठरेना. माझ्याकडून फक्त शब्द गळाले होते, यांच्याकडून अख्खा डोंगर. आणि तरी पायाखालची जमीन दोघांनाही एकाच म्हातारीने दाखवली होती. मी पर्समधून चिमटा काढला, आधी त्यांना दिला. शहर येईपर्यंत आम्ही दोघे मान खाली घालून आपापल्या कपड्यांतली कुसळे उपटत बसलो.