घराची तालीम

कुजबुजराव मिस्त्रीच्या मुलीवर बसले, यात त्यांचा दोष फार तर निम्मा. भर दुपारी तापून आलेला माणूस सवयीने पंख्याखाली, म्हणजे आतल्या खोलीत गेला, तिथे पांघरुणांचा मऊ ढीग दिसला आणि त्याने अंग टाकलं. ढीग किंचाळला. कुजबुजराव उडाले ते शिवणयंत्रावर, यंत्रावरचा बटणांचा डबा उडाला तो जमिनीवर, आणि बटणं खोलीभर अशी पसरली की घरातल्या प्रत्येकाला बगळ्यासारखं एका पायावर उभं राहावं लागलं.

"काका, मी माणूस आहे!" मुलगी म्हणाली.

"तोंडावरून पांघरूण घेतल्यावर कसं कळणार गं?"

"तोंडावरून नाही घेतलं तर झोपणार कशी?"

तेही खरंच. मुलगी इस्पितळात नर्स, पाळी कायम रात्रीची. जग दात घासत असतं तेव्हा ही दमून घरी येते आणि आडवी होते. घर दोन खोल्यांचं. बाहेर स्वयंपाक आणि येणारेजाणारे, आत झोप आणि मिस्त्रीच्या बायकोचं शिवणकाम. यंत्र ती बिचारी दुपारपर्यंत बंद ठेवते. पण आजीचं काय करणार? नात नीट झोपली आहे ना, हे आजी तिला हलवून विचारते.

"बाबा, मी एक तारखेपासून हॉस्टेलवर राहायला जाते," मुलगी म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणूनच सगळ्यांना ते लागलं.

मिस्त्री टेबलाकडे वळला. त्याने ते उचललं आणि या भिंतीचं त्या भिंतीला नेऊन ठेवलं. दूर जाऊन बघितलं, मान हलवली, पुन्हा उचललं. इतर माणसं बेचैन झाली की नखं खातात, मिस्त्री सामान हलवतो. एकदा बायकोचं आजारपण चाललं होतं तेव्हा घरातलं टेबल कुठे सापडेल हे सकाळी उठल्याशिवाय सांगता येत नसे.

कुजबुजराव त्याला ओळखून होते. दोघे एकाच नाटक कंपनीत. मिस्त्री रंगमंचावर घरं उभी करतो आणि रात्री पाडतो. कुजबुजराव विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं सांगतात. त्यामुळे त्यांचा आवाज कायमचा बसला आणि हे नाव पडलं.

"गावाबाहेरचं ते तीन खोल्यांचं घर घेऊन टाक की," ते कुजबुजले. "मालकाने संध्याकाळपर्यंत थांबतो म्हणून सांगितलंय ना?"

"माझी गिऱ्हाइकं काय तिकडे येणार आहेत ब्लाउज शिवायला, भाऊजी?" बायको म्हणाली.

"मी नाही येणार," आजी म्हणाली. "तिथे शेजार नाही."

"पोरगी चालली ना घर सोडून!" मिस्त्रीने टेबल आपटलं. "घर बघून कळत नाही. राहून बघायचं. चला सगळे."

"कुठे?"

"नाट्यगृहात. दुपारचं रिकामंच असतं."

आणि खरोखरच त्याने सगळ्यांना तिथे नेलं. नटांच्या जागा दाखवायला जी पांढरी चिकटपट्टी वापरतात, ती घेऊन तो रंगमंचावर गुडघ्यांवर फिरू लागला. बघता बघता नवं घर जसंच्या तसं जमिनीवर उमटलं. तीन खोल्या, मोरी, एवढीशी गॅलरी.

"हं. आता राहा," मिस्त्री म्हणाला.

कसं राहायचं ते कोणालाच कळेना. बायको पिशवीतून मटार काढून स्वयंपाकघरात बसली. मुलगी मागच्या खोलीत चटईवर आडवी झाली. आजी मात्र सरळ चालत सुटली.

"आई, भिंतीतून नको जाऊस!"

"मला नाही दिसत बाबा भिंत. जरा ठळक तरी काढायचीस!"

विंगेत खुर्ची टाकून बसलेले कुजबुजराव खुशीत आले. वाक्यं नसलेलं नाटक त्यांना प्रथमच मिळालं होतं. पण थोड्याच वेळात पात्रं जागा सोडू लागली. आजीला एकटीला करमेना, ती आणखी एक भिंत ओलांडून नातीच्या उशाशी जाऊन बसली. बायकोला बोलायला कोणी नाही, तीही मटार घेऊन तिकडेच गेली. तीन खोल्यांच्या घरात दोन खोल्या ओस आणि एकीत जत्रा.

"झोपलीस का गं?" आजीने नातीला हलवून विचारलं.

मुलीने डोळे उघडले, वर बघितलं आणि पुन्हा मिटले.

"बघितलंस?" कुजबुजराव मिस्त्रीच्या कानाशी लागले. "उद्या तू हिला राजवाडा दिलास, तरी तुझी आई तिच्या उशाशीच."

मिस्त्री येरझाऱ्या घालू लागला. पट्टीच्या भिंतींवरून, मोरीवरून, कशाचंही भान नाही. मग एकदम थांबला आणि मागे सामानाच्या खोलीत गेला. आला तो पाठीवर एक दार घेऊन. चालू नाटकातलं, चौकटीसकट, आपटलं की प्रेक्षक दचकतात ते. मुलीच्या खोलीच्या तोंडाशी त्याने ते उभं केलं, मागून टेकू दिले.

"तुम्ही दोघी बाहेर या. तू कडी लाव."

मुलीने कडी लावली. दाराला दोन्ही बाजूंना भिंत नाही. आजीने एक पाऊल डावीकडे टाकलं असतं तरी नात दिसली असती. पण आतापर्यंत घराच्या सगळ्या भिंतींतून फिरून आलेली आजी दारापुढे थबकली. दाराला हात लावला, मागे घेतला.

"झोपू दे," ती सुनेला म्हणाली. "आपण तिकडे बसू."

पाच मिनिटांत दाराआडून घोरणं ऐकू आलं. चांगलं पुरुषी घोरणं.

मिस्त्री मटक्कन खाली बसला. "आपल्या आतल्या खोलीला दार होतं," तो म्हणाला. "मीच काढलं. पोरगी लहान होती तेव्हा. उघडताना जागा फार खायचं म्हणून."

"आणि त्याच दाराच्या टेबलावर मी कापड बेतते," बायको म्हणाली. "इतकी वर्षं."

मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं. मागायची हिंमत होईना. ती मटार सोलत राहिली. शेवटची शेंग झाली तेव्हा म्हणाली, "जमिनीवर बेतीन. पण यंत्र बाहेर घ्यायचं, आणि बिजागऱ्या आजच्या आज लावायच्या. तिने सामान बांधायच्या आत."

मिस्त्रीने घरमालकाला तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं, आणि खिशात स्क्रू चाचपू लागला. आता कुजबुजरावांना राहवेना. तीन खोल्या हातच्या गेल्या होत्या.

"अरे शहाण्या, दार काढून जी जागा मोकळी केलीस तिथे तुझ्या लग्नातलं ते लोखंडी कपाट उभं आहे! दार उघडायचं तर ते हलवायला हवं. आणि तुझ्या घरात आता टाचणी ठेवायला जागा नाही. कपाट ठेवणार कुठे?"

"तुझ्या घरी."