केळीच्या चेंबरमधला नकार

मे महिन्यात जळगावच्या बसस्टँडवर शाल घेऊन उभं राहिलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. एकदा तर कंडक्टरने विचारलंच, "ताई, ताप आला का?" मी म्हणाले, "नाही, सावद्याला भुताचा सिनेमा बघायला चाललेय." त्याने तिकीट हातात दिलं आणि पुढे सरकला.

सावद्यात आमच्या एका मित्राच्या घरी केळी पिकवायचं चेंबर आहे. जाड भिंती, खिडकी नाही, थंडी यंत्राची. एक माल निघून दुसरा भरेपर्यंत ते रिकामं असतं. असा रिकामा रविवार आला की दार उघडून हवा नीट खेळवायची, प्लास्टिकचे क्रेट उलटे मांडायचे, पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर लावायचा आणि दार ओढून घ्यायचं. बाहेर भर दुपारी रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं असतं आणि आत आम्ही शाली पांघरून पडद्यावरच्या थडग्याकडे बघत बसतो. नाकात पिकल्या केळ्यांचा वास. आता कुठंही केळी पिकलेली असली तरी मला वाटतं, मागून कुणीतरी येतंय.

आम्ही चौघं होतो. चेंबरवाल्या मित्राला आम्ही केळीवाला म्हणतो. त्याला रक्त लागतं. करवत, आतडी, भिंतीवर उडालेली चिळकांडी. कुठे कोंबडी कापताना बघितली तर हा दोन दिवस जेवत नाही, शुद्ध शाकाहारी माणूस. पण पडद्यावर मुंडकं उडालं की मांडीवर थाप मारतो. दुसरे वरणगावचे चित्रकलेचे सर. त्यांना काहीच घडायला नको. रिकामा जिना, गळणारा नळ, दहा मिनिटं हलणारा पडदा. केळीवाला त्यांना म्हणायचा, "सर, तुमच्यासाठी आमच्या गोडाउनचा दरवाजा शूट करून आणतो. तीन तास." सर शांतपणे म्हणायचे, "आण. तुझा हात हलला नाही तर बघेन."

तिसरी मी. धुळ्याला आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे होते. वडील अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीत. शाई वाळायच्या आधी मी पत्रकं मोजून गठ्ठे बांधायचे आणि बांधता बांधता वाचायचे. भूत नसतं, करणी नसते, देव अंगात येत नाही. हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. त्यामुळे लोक विचारतात, मग तुला भुताचे सिनेमे कसे आवडतात? मला उत्तर द्यायला कधी जड गेलं नाही. भूत नसतं याची ज्याला खात्री आहे, त्यालाच ते मजेत बघता येतं. माझी आवड मात्र ठरलेली होती. शेवटी उलगडा झाला पाहिजे. पांढऱ्या साडीमागे तार निघाली पाहिजे, आवाजामागे भोंगा, आणि भोंग्यामागे इस्टेटीवर डोळा असलेला दीर. केळीवाला याला "पंचनामा पिच्चर" म्हणतो.

चौथी माझी मैत्रीण. जळगावात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. ती कधी कुठल्या बाजूने बोलायची नाही. सगळं बघायची.

नियम मीच लिहिले होते, छापूनही मीच आणले, कारण मी ज्या प्रेसमध्ये अक्षरजुळणी करते तिथे कोपऱ्यात कापलेला कागद पडून असतो. पाळीपाळीने प्रत्येकाने सिनेमा निवडायचा. चालू सिनेमा कुणी थांबवायचा नाही. दार उघडायचं नाही, कारण थंडी गेली तर केळीवाल्याचे वडील, म्हणजे नाना, बाहेरून ओरडतात. संपल्यावर प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं, भीती कुठे वाटली. आणि वर्षातून एकदा प्रत्येकाला एक नकार. कारण सांगून कुणाच्याही सिनेमाला नाही म्हणता येतं, आणि नाही म्हटलं की तो सिनेमा लागत नाही. हे पत्रक चेंबरच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे.

मैत्रिणीची पाळी आली तेव्हा तिने एक जुना सिनेमा निवडला. गावाबाहेर एकटी राहणारी बाई डाकीण निघते, मुलं आजारी पाडते, गाव तिला शोधून काढतं. मी प्रेसच्या खालच्या टपरीवर चहा घेत होते. तो सिनेमा मला ऐकून ठाऊक होता, त्यामुळे मैत्रीण नाव सांगून पूर्ण करायच्या आत मी म्हणाले, "नकार."

"कारण?"

"कारण तुला माहीत आहे. सातपुड्याच्या पायथ्याला आजही बाईला डाकीण ठरवतात. मारतात, गावातून काढतात. कायदा आहे, तरी काढतात. आणि हा सिनेमा काय सांगतो? ती खरंच डाकीण होती. गाव बरोबर होतं. हे मी केळ्यांच्या वासात टाळ्या वाजवत बघायचं? रक्त चालेल, नळ चालेल. हे नाही."

मी उभी राहूनच बोलत होते. टपरीवाल्याने स्टोव्हचा आवाज कमी केला होता. मैत्रिणीने कप खाली ठेवला.

"मावशी येणार आहे बघायला," ती म्हणाली.

तिची मावशी तिच्याबरोबरच राहते, हे मला माहीत होतं. स्वयंपाक करते, फारशी बाहेर पडत नाही, एवढंच. बाकीचं तिने तेव्हा सांगितलं. मावशीचं सासर शिरपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे. नवरा वारला. मग शेजारच्या घरातलं मूल तापाने गेलं. मग बैल मेला. एके दिवशी लोक पारावर बसले. मावशी अंगावरच्या लुगड्यानिशी धुळ्याला बहिणीकडे आली, ती परत गेलीच नाही. मैत्रीण तेव्हा लहान होती. त्याच उन्हाळ्यात शेजारच्यांच्या टीव्हीवर तिने हा सिनेमा पाहिला. डाकीण पाटलाच्या नरड्याला धरून त्याला विहिरीवर उचलते, तिथपर्यंत. मग लोडशेडिंग. लाईट आली तेव्हा बातम्या चालू होत्या.

"मी घरी पळत गेले आणि मावशीला सांगितलं, तू जिंकलीस. तेव्हापासून तिला तो बघायचाय. दर उन्हाळ्यात विचारते."

"मग तर अजिबातच नाही. तिला कशाला ते दाखवायचं?"

"तू तिच्यासाठी नाही म्हणतेस. तिला विचारलंस?"

हा मुद्दा बरोबर होता. ज्याच्या वतीने बोलायचं त्याच्याशी आधी बोलायचं, हे वडिलांनी मला पत्रकं बांधतानाच शिकवलं होतं. संध्याकाळी मी मैत्रिणीच्या खोलीवर गेले. मावशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. उंच, सडपातळ, आवाज खणखणीत. मी माझं सगळं म्हणणं मांडलं. कायदा, सिनेमावाल्यांची जबाबदारी, सगळं. तिने मध्ये तोडलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली, मग म्हणाली, "गावनी माले देखी लिधं. आते मी गावले देखसू."

"पण मावशी, त्यात ते लोक..."

"बठ्ठा गाव शे ना त्यामा? पाटील शे?"

"सगळं गाव आहे. पाटीलही."

"मंग लाव. जेवस का?"

मी जेवले. नकार मागे घेतला. माझं मत मागे घेतलं नाही, हे दोघींना तिथंच सांगितलं, आणि मावशीने मिरचीचा ठेचा माझ्याकडे सरकवला.

त्या रविवारी नानांनी स्वतः दार उघडून दिलं. "या अक्का," ते म्हणाले, "आत गार शे, शाल घ्या." केळीवाल्याने मावशीसाठी क्रेटवर पोत्याची घडी घातली होती. तिच्याबद्दल सरांना आणि त्याला मैत्रिणीने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे दोघंही जरा जास्तच सरळ बसले होते. मावशी मात्र चेंबरच बघत होती. भिंतीला हात लावून तिने विचारलं, "इतल्या थंडीमा केळी पिकतस?" केळीवाल्याला विषय मिळाला. तो गारवा किती दिवस, मग पिवळेपणा कसा येतो ते सांगत सुटला. शेवटी सर म्हणाले, "अहो, लावा आता."

सिनेमा वाईट होता. हे मी आजही ठासून सांगेन. डाकिणीचे केस मोकळे, डोळ्यांत काजळ ओतलेलं, प्रत्येक वेळी ती आली की घुबड. एकटी राहणारी, नवरा नसलेली, कुणाला न विचारणारी बाई म्हणजे धोका, हे तो प्रत्येक चौकटीत सांगत होता. मी मनात उत्तर तयार करत होते. मावशी पदराखाली हात घेऊन बसली होती. मूल मेलं, ती बघत होती. बैल मेला, ती बघत होती. गावकरी पारावर जमले तेव्हा मात्र तिने पदर तोंडावर ओढला. त्या प्रसंगात काहीच नव्हतं. माणसं गप्पा मारत बसलेली, ती बाई घागर घेऊन समोरून जाते, आणि एकेक जण बोलायचं थांबतो. इतकंच. मग घुबड ओरडलं आणि मावशीने पदर खाली घेतला.

शेवटी विहीर आली. डाकिणीने पाटलाचं नरडं धरलं, त्याला उचललं, त्याचे पाय पाण्यावर लटकत होते. केळीवाल्याने मांडीवर थाप मारली. मावशी पुढे झुकली. "धर," ती म्हणाली, "सोडू नको."

आणि भिंत काळी झाली.

लोडशेडिंग नव्हतं. यंत्र घुमतच होतं. माझ्या मैत्रिणीने बटण दाबलं होतं.

"इथंच संपतो," ती म्हणाली.

"अरे, शेवट राहिला!" केळीवाला म्हणाला. "थांबवायचा नाही असा नियम आहे. हिनेच लिहिलाय." त्याने मोबाईलच्या उजेडात दारावरचा कागद दाखवला. सगळे माझ्याकडे बघू लागले.

मला तेव्हा कळलं की तिने तो सिनेमा पुढे कधीतरी पूर्ण पाहिला होता. शेवट तिला माहीत होता. तिला मावशीला फक्त विहिरीपर्यंत न्यायचं होतं. मी काय म्हणावं? ज्या सिनेमाला मी पुरताच नकार दिला होता, त्याची तिने बरोबर जागी कात्री लावली होती. माझ्या मते तो त्या सिनेमाचा एकमेव चांगला शेवट होता.

"नियम राहू दे," मी म्हणाले.

"बंद काबरं करं?" मावशीचा आवाज अंधारातून आला.

"मावशी, बस ना. ती जिंकली."

"पाटील आजून हवामा शे. लाव वं पोरी."

"पुढे चांगलं नाही गं."

"माले मालूम नई का? लाव."

मैत्रिणीने पुन्हा बटण दाबलं. पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्याला जास्त शब्द द्यायची माझी इच्छा नाही. मांत्रिक आला, डाकीण पडली, तिला झाडाला खिळे ठोकून मारलं, गावात पाऊस पडला. मैत्रीण पडद्याकडे बघतच नव्हती, मावशीकडे बघत होती. मावशी शेवटच्या पाटीपर्यंत सरळ बसली.

केळीवाल्याने दिवा लावला. मावशीने शाल सारखी केली.

"ती मरी गई," ती म्हणाली. "मी तं जित्ती शे. चाय शे का काही?"

मैत्रीण हसली आणि रडली, आणि केळीवाला थर्मास शोधताना दोन क्रेटवर आपटला. चहा झाल्यावर नियमाप्रमाणे प्रत्येकाने एका वाक्यात भीती सांगितली. केळीवाला म्हणाला, खिळे. पहिल्यांदाच त्याने ते मान खाली घालून सांगितलं. मी म्हणाले, पाऊस पडला ते, कारण पाऊस पाडून सिनेमाने गावाला शाबासकी दिली. मी आणखी बरंच म्हणाले, एका वाक्यात ते बसलं नाही. मग मावशी.

"त्या लोके गप व्हयनात ना पारवर, तवय."

सर उठून उभेच राहिले. "बघा! मी काय सांगतो इतकी वर्षं? काही घडत नाही तिथंच भीती असते. मावशी माझ्या पार्टीच्या!"

"मी कोनाच पार्टीनी नई, सर," मावशी म्हणाली. "बसा."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. भुसावळच्या अलीकडे तिने मला विचारलं की त्या कागदावर नाव घालायचं तर काय करावं लागतं. मी म्हणाले, काही नाही, तुम्ही आलात की झालं. पाळी मिळते. आणि वर्षाला एक नकार.

"म्हंजे मी नई म्हनं तं नई?"

"नाही. लागतच नाही तो सिनेमा."

"आनि कोनी इचारत नई, का म्हनी?"

"कारण सांगावं लागतं. पण ते सगळ्यांना मानावंच लागतं."

तिने मान हलवली आणि पुन्हा बाहेर बघू लागली.

पुढची पाळी माझी होती. मी माझ्या आवडीचा, अगदी कसून निवडलेला पंचनामा पिच्चर काढला. पडका बंगला, रात्रीचे पैंजण, आणि शेवटी पोलीस पैंजणाची दोरी ओढून दाखवतात. गोष्ट ऐकताना मावशी केळ सोलत होती.

"नकार," ती म्हणाली.

केळीवाला ओरडला, सरांनी टाळी दिली. मी कारण मागितलं. नियमच आहे तो.

"बठ्ठं समजाडी सांगतस त्यामा," ती म्हणाली. "भ्यावच नई वाटत."

सगळं समजावून सांगणं हा दोष कसा, म्हणून मी वाद घातला. तर्क, विवेक, प्रेक्षकाचा हक्क, सगळं मांडलं, आणि मी चुकीची होते असं मला अजूनही वाटत नाही. मावशीने ऐकून घेतलं, केळ संपवलं, साल क्रेटच्या कडेला ठेवलं.

"मी नई म्हनं ना?"

सिनेमा लागला नाही.