दिवेलागणीच्या आत वेणी

म्युनिकच्या आमच्या खोलीला वास येत होता आणि त्याचा तपास माझ्याकडे होता.

साठ-एकसष्टचा हिवाळा. पुण्यातल्या कॉलेजात शिकवणारे आमचे हे चाळिशीला टेकल्यावर डॉक्टरेट करायला जर्मनीत आले. त्यांच्यामागोमाग मी, माझ्या याद्या आणि गुडघ्यापर्यंत पोचणारे माझे केस. फ्राऊ हुबर नावाच्या विधवा बाईंच्या घरात आम्हाला वरची एक खोली मिळाली. परदेशी जोडप्याला खोली मिळणं सोपं नव्हतं. आम्ही बघितलेली ही सातवी. (आधीच्या सहांची यादी आहे माझ्याकडे, नकाराच्या कारणांसकट.)

निघताना सासूबाईंनी केसांबाबत तीन गोष्टी बजावल्या होत्या. कात्री लावायची नाही. तेल चुकवायचं नाही. आणि दिवेलागणीला केस मोकळे ठेवायचे नाहीत. मी तिन्ही लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या.

पहिल्याच महिन्यात कोरड्या थंडीने आणि लोकरीच्या टोपीने मिळून केसांची दैना केली. टोपी काढली की तिच्यात निम्मी मीच असायची. मग मी बंदोबस्त आखला. पंधरा दिवसांतून एकदा न्हायचं, खोबरेल लावायचं (ते बाटलीत दगड होऊन बसे, म्हणून आधी बाटली गरम किटलीला टेकवायची), चार घट्ट वेण्या घालून टोकं आत दुमडायची, वेण्या डोक्याभोवती गुंडाळायच्या आणि त्यावर यांच्या जुन्या धोतराची पट्टी, पट्टीवर टोपी, घरातसुद्धा. पुढचे पंधरा दिवस काही सोडायचं नाही, विंचरायचं नाही, थंडीला केसाचं टोकसुद्धा दाखवायचं नाही. महिन्याभरात गळणं थांबलं. मी यादीत बरोबरची खूण केली.

न्हाणीघर तळघरात होतं आणि त्याच्या दारावर फ्राऊ हुबरनी वेळापत्रक लावलं होतं. (ती बाई मला तिथेच आवडली.) आमची पाळी शनिवारी, दुपारी साडेतीन ते साडेचार. डिसेंबरात म्युनिकला दिवेलागण सव्वाचारलाच होते. मी डोकं धुऊन वर येईपर्यंत फ्राऊ हुबर जिन्यातला दिवा लावत असायच्या. मी कपाट उघडून तिसरा नियम वाचायची आणि पाच मिनिटांत चारही वेण्या घालून मोकळी व्हायची. एकदाही चुकले नाही.

जानेवारीत वास सुरू झाला. आंबट ताक आणि ओलं पोतं यांच्या मधला.

“चीज असणार,” हे म्हणाले.

“अहो, आपण चीज खात नाही.”

“तेच म्हणतोय. खाणाऱ्यांना वास येत नाही.”

सोमवारी फ्राऊ हुबर वर आल्या आणि दारातच थांबल्या. “आल्झो, तर मग, फ्राऊ लेले. हा तुमचा मसाला.”

“मसाला मी शिजवत नाही, फ्राऊ हुबर. तुम्हीच मनाई केलीत.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. पण वास आहे. शनिवारपर्यंत गेला नाही, तर एक तारखेला खोली रिकामी करा.”

यांची पहिली तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. बर्फात आठवी खोली शोधायची म्हणजे परीक्षेला फुली. मी नवा कागद घेतला, वर ‘संशयित’ लिहिलं आणि अकरा नावं काढली. मोरी, गादी, यांचे मोजे, यांचे बूट, हिंगाची डबी, असं खालीखाली. रोज दोन-तीन नावं धुऊन, घासून, वाऱ्यावर टाकून खोडत गेले. हिंग खिडकीबाहेर टांगला. (समोरचं मांजर यायचं बंद झालं. वास तसाच.) मोजे तीनदा उकळले.

“अगं, परीक्षा माझी आहे, मोज्यांची नाही,” हे पायाला वर्तमानपत्र गुंडाळून वाचत म्हणाले.

त्या वासाचा एक विशेष होता. कोपऱ्यात वाकलं की तो कोपऱ्यात, पलंगाखाली शिरलं की पलंगाखाली. मी शेरा लिहिला, ‘सर्वत्र सारखा’.

“तू बाजारात गेलीस की कमी होतो,” हे पुस्तकातून डोकं न काढता म्हणाले.

“म्हणजे?”

“काही नाही. वाचतोय मी.”

मी त्याचा अर्थ असा लावला, की मी नसताना हे खिडकी उघडतात. तसं लिहूनही ठेवलं.

शुक्रवारी दुपारी एकच संशयित उरला, कपाटामागची भिंत. कपाट ओढायला फ्राऊ हुबरना बोलावलं. मी खाली वाकून कपाटाचा पाय धरला, त्या माझ्यामागे उभं राहून वरून ढकलू लागल्या. दोनदा ढकललं आणि थांबल्या. वाकल्या. पुन्हा ताठ झाल्या.

“फ्राऊ लेले, टोपी काढा.”

“आधी भिंत बघू या.”

“भिंत चांगली आहे. टोपी काढा.”

टोपी काढली, धोतराची पट्टी निघाली, आणि फ्राऊ हुबर दोन पावलं मागे सरल्या. त्यांच्या स्वतःच्या डोक्याभोवतीही पांढरी वेणी गुंडाळलेली होती, तेव्हा त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. मला दंडाला धरून त्यांनी खाली नेलं, स्वयंपाकघरातल्या शेगडीसमोर बसवलं आणि वेण्या सोडल्या. सर्वांत आतली पिळली असती तर कपभर पाणी निघालं असतं.

“हे वाळवता कधी?”

“वाळवायचं?” मी म्हणाले.

त्यांनी खुर्ची ओढली आणि स्वतःही बसल्या.

तेवढ्यात बाहेर अंधारून आलं आणि त्यांनी दिव्याचं बटण दाबलं. मी केस गोळा करत उठले.

“कुठे निघालात?”

“दिवा लागला. आता मोकळे ठेवायचे नाहीत. सासूबाईंनी सांगितलंय.”

“सासू कुठे असते?”

“पुण्यात.”

“तिथे आता किती वाजले?”

मी हिशोब केला. “नऊ होऊन गेले.”

“म्हणजे तिथली दिवेलागण केव्हाच होऊन गेली. बसा.”

बसले. दोन तास त्या ब्रश फिरवत होत्या आणि केसांतून वाफ निघत होती. पुण्यात मी मंगळवारी सकाळी न्हायची आणि गच्चीवर उन्हाकडे पाठ करून बसायची. वाळवणं हे काम आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ते ऊन करायचं. सासूबाईंच्या नियमांत ऊन नव्हतं, म्हणून माझ्या यादीतही नव्हतं.

शनिवारी वास गेला, खोली राहिली, हे परीक्षा पास झाले. न्हाणीघराच्या वेळापत्रकात आमच्या पाळीखाली एक ओळ वाढली, ‘फ्राऊ लेले, स्वयंपाकघरात वाळत घालणे, दोन तास’. हे ती ओळ येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवायचे.

“तुम्हाला कळलं होतं ना?” मी एकदा विचारलं.

“दुसऱ्याच दिवशी.”

“मग बोलला का नाहीत?”

“यादीत माझे मोजे तिसरे होते. मी तुझं नाव सुचवलं असतं तर मला पहिल्या क्रमांकावर घेतलं असतंस.”

संशयितांचा तो कागद अजून आहे. अकरा नावं, अकराही निर्दोष. बारावं यांच्या अक्षरात आहे, आणि त्यापुढे बरोबरची खूण.