सरळ केलेली टीप

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानातून वाकडी टीप कधी बाहेर पडली नाही. अस्तराच्या आतली, कुणाला न दिसणारी शिवण जरा हलली तरी ते उसवायला बसत. बायको म्हणायची, यांना जन्मतःच सुई दिली असती, तर यांनी आधी स्वतःचं दुपटंच उसवलं असतं.

त्यांच्या लेकीने ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात वस्त्रकला शिकण्यासाठी अर्ज केला होता. इंग्रजीची परीक्षा झाली, कॉलेजातल्या बाईंची शिफारस गेली. आता उरली होती कॉम्प्युटरवरची मुलाखत. तीत स्वतः शिवलेले कापडाचे तुकडे दाखवायचे होते. तिने वर्षभर खपून ते केले होते. कुठे टाके उलट्या बाजूने, कुठे दोरा मध्येच सोडलेला, साटीनच्या तुकड्यावर तर टीप चक्क नागमोडी.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती कॉलेजात असताना मास्तरांनी सहज पिशवी उघडून ते तुकडे बाहेर काढले. परक्या लोकांपुढे पोरगी हे दाखवणार? ते मशीनवर बसले. सगळं उसवलं, सरळ शिवलं, कडक इस्त्री मारून पिशवीत ठेवलं आणि मनात म्हणाले, आता बघू कोण नावं ठेवतंय.

मुलाखत दुकानातच होती, कापड बेतायच्या टेबलावर. उजेड तिथे बरा. ती सुरू व्हायच्या बेतात असताना लेकीने पिशवी उघडली आणि एकेक तुकडा उलटापालटा करून पाहिला.

"बाबा, हे कुणी केलं?"

"मीच. आता कसे दिसतात बघ."

तिने तुकडे टेबलावर ठेवले. "त्यांना माझे प्रयोग बघायचे होते, बाबा. माझ्या चुकासुद्धा. हे तर तुमचं काम झालं."

उसवून देतो, एवढंच मास्तर पुटपुटले. आता हात लावू नका, असं बायकोने दटावलं. तेवढ्यात पडद्यावर विद्यापीठाच्या चष्मा लावलेल्या बाई आल्या.

मास्तर दाराशी उभे राहिले. इंग्रजी त्यांना थोडंच कळे, पण "फादर" कळलं. पोरगीने खरं ते सांगून टाकलं होतं. मग तिने छोटी कात्री घेतली, त्यांची सरळ टीप बाईंसमोरच उसवली आणि साटीनचा तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. तिच्या पहिल्या टिपेची बारीक भोकं तशीच होती, नागमोडी रांगेत. बाई इतक्या पुढे वाकल्या की पडद्यावर नुसता चष्मा राहिला. त्या बराच वेळ विचारत होत्या, पोरगी बोट फिरवून दाखवत होती.

प्रवेश मिळाल्याचं कळलं, तेव्हा मास्तर बाही बेतत होते. कात्री थांबली.

"भोकं बघून घेतलं तुला?"

"भोकं बघूनच, बाबा."

इस्त्री फिरवली की भोकं बुजतात, असं ते जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आले होते. त्यांनी तो तुकडा मागून घेतला, खिडकीशी नेला. बायकोने दोनदा चहाला हाक मारली, ती त्यांना ऐकूच आली नाही.